गरज बीडची, पगार पुण्याचा

साशंक : आपल्या जिल्ह्यात सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम काढायचा म्हटलं की मला आधी डी.एड. आठवतं, मॅडम. वीस वर्षांपूर्वी आपल्याकडं डी.एड. कॉलेजांचं पेव फुटलं होतं. बारावीला चांगले गुण पडलेली, मेडिकलला थोडक्यात हुकलेली पोरं तिकडं गेली, कारण दोन वर्षांत मास्तरकी पक्की, असं जो तो सांगत होता. कुणाच्या बापानं ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेऊन डोनेशन भरलं, कुणी जमीन गहाण टाकली. मग 2012 पासून भरती थांबली, 2013 ला टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, पुढं भरतीसाठी पवित्र पोर्टल आलं, आणि एका पिढीची ऐन उमेदीची वर्षं जाहिरातीची वाट पाहण्यात गेली. कॉलेजं एकेक करून बंद झाली. संस्थांनी त्याच इमारतींत दुसरं काही सुरू केलं. पोरांना मात्र वय परत मिळालं नाही. आता तीच भाषा पुन्हा कानावर येतेय. जगात 48 लाख सायबर तज्ज्ञ कमी आहेत, तीन वर्षांचा कोर्स करा आणि लागा कामाला. ज्याला हा आकडा फलकावर छापायचा आहे, त्यानं तो कुठून आला हे आधी पालकांना सांगावं.

आशावादी : डी.एड.चा दाखला मला अर्धाच पटतो, सर. तिथं भरती शेवटी सरकारच्या हातात होती. सरकारनं हात आखडता घेतला आणि सगळं कोसळलं. इथं बँका आहेत, विमा कंपन्या आहेत, दवाखाने, वीज कंपन्या, पोलीस, आणि पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्या आहेत. एकानं भरती थांबवली म्हणून सगळी दारं बंद होत नाहीत. आणि गरज कुणी फुगवून सांगायचीही गरज उरलेली नाही. सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे 2023 मध्ये साडेसात हजार कोटींच्या आसपास गेले होते. 2024 मध्ये तो आकडा 22,845 कोटींवर गेला. केंद्र सरकारनंच हे संसदेत सांगितलंय. कायदाही दरवर्षी कडक होतोय. 2022 पासून सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचा नियम आहे की हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं आणि नोंदी 180 दिवस जपायच्या. 2023 मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला, त्यात दंडाची कमाल मर्यादा 250 कोटींची आहे. हे सगळं पाळायला माणसं लागणारच. आणि ती आपल्यासारख्या घरांतून येऊ शकतात, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. साताऱ्याकडचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले, धाकट्या भावाला, संजयला, त्यांनी संगणक शिकवायला घातलं, त्यानं अँटिव्हायरस लिहिला, आणि त्यातून उभी राहिलेली क्विक हील 2016 मध्ये शेअर बाजारात उतरली. त्यांच्यापाशी काही वाडवडिलांचं भांडवल नव्हतं.

साशंक : काटकरांचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं केलंत, कारण ते माझ्या बाजूचं आहे. थोरल्यानं आधी वर्षानुवर्षं यंत्रं उघडून दुरुस्त केली. दुकानात येणारे संगणक व्हायरसनं बिघडलेले असायचे, म्हणून धाकट्यानं त्यावर औषध शोधलं. आधी यंत्र कळलं, मग त्याची सुरक्षा. आपण पोरांना उलट्या बाजूनं चढवायला निघालोय.

आता त्या 48 लाखांकडं या. हा आकडा आयएससी-टू या संस्थेच्या 2024 च्या अहवालातला. या क्षेत्रात काम करणाऱ्या लोकांना विचारून संस्थांना किती माणसं लागतील याचा अंदाज काढायचा, आणि त्यातून असलेली माणसं वजा करायची. म्हणजे तो गरजेचा अंदाज आहे. 48 लाख खुर्च्या पगारासकट रिकाम्या पडल्यात असा त्याचा अर्थ होत नाही. त्याच अहवालात एक चतुर्थांश लोकांनी सांगितलंय की आमच्या विभागात माणसं कमी केली, आणि 37 टक्क्यांनी सांगितलंय की पैसे कापले. माणसं हवीत म्हणणाऱ्या आणि माणसं काढणाऱ्या कंपन्या एकच. शिवाय जाहिराती वाचा. नवख्यासाठी म्हणून काढलेल्या जागेलाही दोन वर्षांचा अनुभव मागतात. पूर्वी नवखा पोरगा रात्रपाळीला बसून पडद्यावर येणारे इशारे चाळायचा, त्यातून शिकायचा. ते पहिल्या पायरीचं काम आता हळूहळू सॉफ्टवेअरच करायला लागलंय. वरच्या पायऱ्यांवर माणसं कमी आहेत हे खरं, पण खालचीच पायरी निखळत चाललीय. आणि आपल्या पोरांचा पाय पडणार तो त्याच पायरीवर.

आशावादी : पहिली पायरी अवघड झालीय, हे मी मान्य करते. म्हणूनच मला 'बी.सी.ए. सायबर सिक्युरिटी' असं नुसतं नाव बदललेलं काही नकोय. नाव बदलण्याचा खेळ आपण नुकताच पाहिलाय. 2024-25 पासून बी.सी.ए., बी.बी.ए. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले, प्रवेशासाठी सीईटी आली, इतक्या जागा रिकाम्या राहिल्या की दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली, आणि कित्येक कॉलेजांनी तोच अभ्यासक्रम दुसऱ्या नावानं चालवून वाट काढली. माझ्या डोक्यात आहे ते असं : पहिली दोन वर्षं सुरक्षेचं नावसुद्धा काढायचं नाही. लिनक्स, नेटवर्क, सी आणि पायथन, डेटाबेस. पोरानं स्वतः सर्व्हर उभा करायचा, वेबसाइट बांधायची, ती मोडायची, पुन्हा उभी करायची. तिसऱ्या वर्षी त्याच वेबसाइटवर हल्ला कसा होतो ते पाहायचं. वायरशार्क फुकट आहे, काली लिनक्स फुकट आहे, वेबसाइट तपासायचा सराव करायला चांगल्या प्रयोगशाळा इंटरनेटवर मोफत आहेत. ज्याला पुढं जायचंय त्याच्यासाठी पुण्यात सी-डॅकचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, डिटिस म्हणतात तो. सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं. संभाजीनगरला नायलेट ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिथंच 2009 पासून शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे आणि तिच्याकडं डिजिटल व सायबर न्यायवैद्यकाचा, त्याच्या कायद्याचा डिप्लोमा आहे. आपण त्या दारापर्यंत पोरगा नेऊन सोडायचा. आज तो तिथवरही पोचत नाही, कारण अशी दारं आहेत हेच त्याला तृतीय वर्ष संपल्यावर कळतं.

साशंक : कागदावर हे उत्तम आहे. शिकवणार कोण? आपल्या जिल्ह्यात संगणकशास्त्र बहुतेक सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, चालतं. तासाचे पैसे, तेही महिनोन्महिने लांबणारे, सुट्टीत काहीच नाही, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. ज्याला खरोखर नेटवर्कची सुरक्षा येते त्याला पुण्यात याच्या कितीतरी पट मिळतात. तो इथं तासिकेवर का राहील? आणि जो राहतो तो बिचारा स्वतःच पुस्तकातून शिकलेला असतो. तंत्रनिकेतनात सहाव्या सत्राला नेटवर्क आणि माहिती सुरक्षा हा विषय आहेच की. पोरं सीझर सायफर पाठ करतात, फायरवॉलची आकृती काढतात, 70 गुणांचा पेपर देतात. फायरवॉलचा एक नियम स्वतःच्या हातानं लिहिलेला पोरगा मला शोधून दाखवा. यूजीसीनं ऑक्टोबर 2022 मध्ये पदवी आणि पदव्युत्तर वर्गांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम काढला, महिन्याच्या पहिल्या बुधवारी सायबर जागरूकता दिवस पाळायला सांगितलं. आपल्याकडं त्या दिवशी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एक व्याख्यान, फोटो, आणि नॅकच्या फायलीत एक कागद. प्रयोगशाळेत तर पोरांना ॲडमिनचा पासवर्डच देत नाहीत, मशिनं बिघडतील म्हणून. जिथं मशीन बिघडायची भीती आहे तिथं मशीन मोडून शिकायचा विषय कसा शिकवणार?

आशावादी : शिक्षकाचा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडं त्याचं पुरं उत्तर नाही. 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून उद्योगातला माणूस पदवीची अट न घालता घेता येतो, यूजीसीनं 2022 पासून ती मुभा दिलीय. पण त्याचे पैसे संस्थेनं द्यायचे, आणि संस्था देत नाहीत. तरी या विषयाची एक सोय अशी आहे की विद्यार्थी शिक्षकाच्या पुढं जाऊ शकतो आणि शिक्षकाला त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. माझ्या वर्गातली दोन-तीन पोरं मोबाइलच्या नेटवर, रात्री, इंग्रजी अडखळत वाचून माझ्यापुढं गेलेली आहेत. मी त्यांना अडवलं नाही, जुनी मशिनं वेगळी जोडून दिली, एवढंच माझं शिकवणं.

आणि मनातलं सांगू का? मला जिल्ह्याचं नंतर बघू असं वाटतं. मला दिसतो तो ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृहातून शिकलेला पोरगा. त्याचे आई-बाप दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन सांगलीकडं, कर्नाटकात जातात ते उन्हाळ्यात परत येतात. तो पोरगा पुण्याच्या हिंजवडीला महिन्याच्या पगारावर लागला की त्या घराची उचल संपते. एका पिढीत. त्यासाठी तो बीड सोडून गेला तर मला त्याचं वाईट वाटत नाही. आता 17 सप्टेंबर 2025 पासून बीडला रेल्वेही आलीय. अहिल्यानगरपर्यंत का होईना, जायची वाट सोपी झाली.

साशंक : तुमच्या या बोलण्यावर मला राग येत नाही, कारण त्या पोराच्या जागी माझा पोरगा असता तर मीही त्याला जा म्हणालो असतो. पण मग हा प्रश्न मनुष्यबळ पुरवठ्याचा झाला. ऊसतोडीला माणसं पुरवणारा जिल्हा आता संगणकाला माणसं पुरवेल. मुकादमाच्या जागी कॅम्पस इंटरव्ह्यू येईल. मजुरी वाढेल, मान वाढेल, हे मला मान्य आहे, लहान गोष्ट नाही ती. पण मला विचारायचंय की ज्यांचं नुकसान इथं होतंय त्यांचं काय.

कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवा. ऑगस्ट 2018, पुणे. चोरांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेत स्वतःचा खोटा स्विच घुसवला. कार्ड घातलं की खात्यात पैसे आहेत का हे बँकेच्या मुख्य यंत्रणेला न विचारता तो खोटा स्विचच 'द्या' म्हणायचा. 28 देशांत मिळून 78 कोटी, भारतात अडीच कोटी, आणि दोन दिवसांनी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक यंत्रणेवरून हाँगकाँगला आणखी सुमारे 14 कोटी. एकूण 94 कोटींच्या वर. भारतात पैसे कुणी काढले? भाड्यानं घेतलेल्या पोरांनी, बनावट कार्डं घेऊन. पकडलेल्यांत आपल्या संभाजीनगरचेही होते. 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना शिक्षा केली. ज्यांनी तो स्विच लिहिला ते त्या अकरांत नव्हते. ती बँक मोठी होती, म्हणून तगली. आपल्या जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला पतसंस्था आहेत. ज्ञानराधा मल्टिस्टेटनं ठेवी अडकवून काय हाल केले ते प्रत्येक घराला माहीत आहे. ते प्रकरण काही सायबर हल्ल्याचं नव्हतं, पण त्यानंतर आपल्या माणसाच्या ठेवीवर आणखी एक घाव बसला तर तो सोसणार नाही.

आणि बँकेपर्यंत कशाला जायचं? आपल्याकडं सगळा कारभार सेवा केंद्रातून चालतो. पीक विमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, आधार. म्हातारा माणूस अंगठा देतो, ओटीपी वाचून दाखवतो, पासबुकाची झेरॉक्स तिथंच ठेवून येतो. 2023 च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला तेव्हा दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवरसुद्धा विमे उतरवले गेले, आणि त्या बातम्यांत आपल्या जिल्ह्याचं नाव ठळक होतं. त्यात कुणी हॅकर नव्हता. लॉगिन होतं आणि ते कोण वापरतंय हे पाहणारं कुणी नव्हतं. 2025 च्या अखेरीला यवतमाळ जिल्ह्यातल्या शेंदुरसनीचं उघडकीला आलं. जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव, आणि त्या ग्रामपंचायतीच्या लॉगिनवरून तीन महिन्यांत 27 हजारांहून जास्त जन्मनोंदी. तिथं एक माणूस लागला असता, ज्याला रोजच्या नोंदींची यादी उघडून 'हे कसं काय' एवढं विचारता आलं असतं. तुमचा हुशार पोरगा हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या कुठल्या तरी कंपनीचे इशारे पाहणार आहे. शेंदुरसनीचे कोण पाहणार?

आशावादी : म्हणजे तुम्ही या कोर्सच्या विरोधात नाहीच, सर. माझ्यापेक्षा तुम्हालाच तो जास्त हवाय. मला दहा पोरांची नोकरी हवीय, तुम्हाला जिल्ह्याला पहारेकरी हवेत. पण मग आता मी तुम्हाला विचारते : पैसे कोण देणार? शेंदुरसनीला तो माणूस लागला असता, बरोबर. पण कुठल्या ग्रामपंचायतीत, कुठल्या पंचायत समितीत तसं पद आहे? कॉसमॉसनंतर दोनच महिन्यांनी, 19 ऑक्टोबर 2018 ला, रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली, आणि 2019 च्या शेवटच्या दिवशी बँकेच्या आवाक्याप्रमाणं चार स्तर ठरवून दिले. त्या बँकांना आता हिशेब द्यावा लागतो. पतसंस्था त्यात येतच नाहीत. त्या सहकार खात्याकडं, मल्टिस्टेट असली तर दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाकडं. बँकांना आता '.बँक.इन' हा वेगळा पत्ता घ्यायला लावला, म्हणजे गिऱ्हाइकाला खरी साइट ओळखता यावी. पतसंस्थेला तोही नाही. जिथं धोका जास्त तिथं सक्ती नाही, सक्ती नाही म्हणून पद नाही, आणि पद नाही म्हणून पगार नाही. ही साखळी कॉलेजला तोडता येत नाही.

दुसरं असं की पद असतं तरी त्या माणसाच्या हातात काय असतं? 31 जुलै 2024 ला देशातल्या तीनेकशे लहान बँकांचं यूपीआय बंद पडलं. त्या बँकांवर हल्ला झालाच नव्हता. सी-एज म्हणून एक कंपनी या बँकांना सॉफ्टवेअर पुरवते, तिच्यासाठी काम करणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरची मांडणी चुकली होती, तिथून खंडणीखोर सॉफ्टवेअर आत आलं. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं खबरदारी म्हणून सी-एजला आपल्या जाळ्यातून तोडलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडलं. माजलगावच्या किंवा केजच्या शाखेत माझा कितीही हुशार विद्यार्थी बसवला असता तरी त्यानं काय केलं असतं? कुलूप दुसरीकडं, किल्ली तिसरीकडं.

साशंक : त्यानं करार वाचला असता. हे मी थट्टेनं म्हणत नाही. लहान संस्था सॉफ्टवेअर विकत घेते तेव्हा विकणाऱ्याला काय विचारायचं हे तिला माहीत नसतं. तुमचा सर्व्हर कुठं आहे, बॅकअप किती दिवसांचा, तो परत चालू करून कधी पाहिलात का, तुमच्या मागं आणखी कोण आहे, हल्ला झाला तर आम्हाला किती तासांत कळवाल. हे पाच प्रश्न विचारणारा माणूस संस्थेत असला की पुरवठादाराची वागणूक बदलते. नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाचं लॉगिन बंद करणं, दोघांत एक पासवर्ड न वापरणं, कॅशियरनं व्हॉट्सॲपवर आलेली फाइल त्याच मशिनवर न उघडणं, फसलेल्या गिऱ्हाइकाला तासाभरात सायबर मदतवाहिनीचा 1930 लावून देणं. यातलं एकही काम असं नाही की ज्याला पुण्याचा पगार लागतो. आणि प्रत्येक पतसंस्थेला अख्खा माणूसही लागत नाही. दहा संस्थांनी मिळून एक माणूस ठेवावा. सहकार आपल्याकडं नवा नाही. साखर कारखाना काढता येतो तर सामायिक सायबर माणूस का ठेवता येऊ नये? नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटीला, म्हणजे कामावरच्या प्रशिक्षणाला, क्रेडिट आहेत, क्षेत्रीय प्रकल्पाला आहेत. पोरांना पहिल्यांदा त्या दहा संस्थांतच पाठवा. आज ओजेटीचं पत्र ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणतात. त्याऐवजी खरं काम होईल, आणि जाहिरातीतला तो दोन वर्षांचा अनुभवही तिथूनच सुरू होईल.

आशावादी : इथं मात्र मला थांबावं लागतं. पोरगा पतसंस्थेत पाठवायचा म्हणजे त्याला खाती दिसणार. गावात सगळे एकमेकांना ओळखतात. कुणाची ठेव किती, कुणाचं कर्ज थकलंय, कुणी बायकोच्या नकळत सोनं गहाण टाकलंय. वीस वर्षांच्या पोराच्या जिभेवर एवढा भार टाकायचा का? दुसरं, त्यानं चाचणी म्हणून काही दाबलं आणि यंत्रणा बंद पडली तर? परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 43 आणि 66 कलमांत बसतं. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 2023 मध्ये एमपीएससीची 94,195 प्रवेशपत्रं टेलिग्रामवर आली तेव्हा पोलिसांनी पुण्यातून एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला अटक केली. माझ्या वर्गात त्या वयाची, तेवढ्याच खुमखुमीची पोरं आहेत. त्यांना मी हल्ला शिकवायचा, आणि लेखी परवानगी, कामाची हद्द, गुप्ततेचा करार हे कुठल्या तासाला शिकवायचं? अभ्यासक्रमात त्याला दोन क्रेडिटही नाहीत. मला तर ते आधी शिकवावंसं वाटतं, लिनक्सच्याही आधी.

साशंक : आधीच शिकवा. पण भीती उलट्या बाजूनंही बघा. कौशल्य दिलं आणि काम दिलं नाही तर ते कौशल्य घरात बसत नाही. एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्र सायबरनं म्यानमारमधून साठाहून जास्त भारतीयांना सोडवून आणलं. परदेशात चांगल्या नोकरीचं आमिष दाखवून त्यांना नेलं होतं, आणि तिथं बसवून आपल्याच देशातल्या लोकांना फसवायला लावलं होतं. आपल्या भागात खातं भाड्यानं देणारे आहेत, महिन्याला काही हजारांवर सिमकार्ड देणारे आहेत. अर्धवट संगणक शिकलेला, कर्ज काढून पदवी घेतलेला, घरी बसलेला पोरगा हा त्या धंद्याला सोन्यासारखा. साठ पोरं बाहेर काढली आणि दहांना काम मिळालं, तर उरलेल्या पन्नासांची मागणी कुणाकडून येईल याचा विचार अभ्यासक्रम काढणाऱ्यानं करायचा की नाही?

आशावादी : करायचा. पण गरिबाचं पोरगं शिकलं तर ते चोर होईल, असं यातून निघत असेल तर मी ते ऐकून घेणार नाही. म्यानमारला गेलेली पोरं सायबर सुरक्षा शिकून गेली नव्हती. ती बेकार होती म्हणून गेली. त्यांच्यातल्या एखाद्याला जरी एवढं शिकवलं असतं की नेमणुकीचं पत्र कसं तपासायचं, कंपनीचं नाव कुठं शोधायचं, तर तो विमानात बसला नसता. फसवणूक आतून कशी चालते हे कळलेला माणूस आपल्या घरातल्या दहा जणांना वाचवतो. त्याला नोकरी लागली नाही तरी. त्याच्या आईला 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी देणारा खोटा फोन आला तर तो फोन हातातून घेणारा घरात कुणीतरी असतो.

साशंक : ते मान्य. पण त्यासाठी पदवी कशाला? त्याला पंधरा दिवसांचं शिबिर पुरतं, आणि ते कला शाखेच्या पोरीलाही द्या, सेवा केंद्र चालवणाऱ्यालाही द्या. तुम्ही एका नावाखाली तीन वेगळी कामं घालताय. घर वाचवणं एक, जिल्हा सांभाळणं दुसरं, आणि पुण्या-बंगळुरूला माणूस पाठवणं तिसरं. पहिल्याला सगळा गाव बसवा. दुसऱ्याला जिल्ह्यात वर्षाला पंधरा-वीस माणसं खूप झाली, पण ती जबाबदार हवीत आणि इथं टिकायला हवीत. तिसऱ्याला तुमचा पाया पक्का करणारा वर्ग हवा, तिथं सुरक्षेचं नाव नसलं तरी चालेल. फलकावर एकच शब्द लिहून तिन्हीची फी एकाच पोराकडून घेतली जाते, ते मला खुपतं.

आशावादी : तिन्ही वेगळी आहेत हे मी आजपर्यंत असं मांडलं नव्हतं, पण ते बरोबर आहे. आणि तरी माझी अडचण तिथंच आहे. प्रस्तावात मला प्रवेशसंख्या लिहायची आहे. विनाअनुदानित वर्ग साठांशिवाय परवडत नाही. तुम्ही म्हणता तसे पंधरा घेतले, तर प्रयोगशाळा आणि बाहेरून येणाऱ्या माणसाचा खर्च पंधरांवर पडतो, फी चौपट होते. 2024 पासून ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांची पात्र मुलींची फी सरकार भरतं, पण आपण काढू त्या वर्गाला ते लागू होईलच असं नाही. चौपट फी भरून जो येईल तो बीडच्या डॉक्टरचा किंवा कंत्राटदाराचा मुलगा असेल, आणि त्याला बीडमध्ये थांबायचं कारणच नाही. इथं थांबेल अशी पोरगी शिरूर कासारची, वडवणीची, ती साठांच्या वर्गातच परवडते. आणि साठांच्या वर्गात तुम्हाला हवं तसं हाताला धरून शिकवणं होत नाही.

साशंक : मग प्रस्तावासोबत एक पत्र पतसंस्थांना पाठवा. दहा-दहा संस्थांच्या गटांनी पाच-पाच वर्षं एकेका माणसाचा पगार द्यायचं लिहून दिलं, तर पंधरांचा वर्ग काढा आणि फी त्या संस्थांकडून घ्या.

आशावादी : आणि त्यांनी लिहून दिलं नाही तर? संचालक मंडळ म्हणेल, आधी तुमचा माणूस कसा निघतो ते दाखवा. माणूस दाखवायला वर्ग आधी काढावा लागेल.

साशंक : साठांचा काढलात तर निदान उरलेल्या पंचेचाळीसांना काय सांगून प्रवेश देणार, ते त्याच प्रस्तावात लिहा. माहितीपत्रकात छापा, पहिल्याच पानावर.

आशावादी : ते वाक्य कुलगुरूंच्या सहीला जाईल, संस्थेच्या अध्यक्षांपुढं जाईल, आणि सगळ्यात आधी आईबापांच्या हातात पडेल. 'साठांतल्या पंधरांना काम मिळेल' असं छापलं की साठ येणार नाहीत. छापलं नाही तर ते डी.एड.च. ते कसं लिहायचं हे मला सुचत नाहीये, सर. तुम्हाला सुचतं का?

साशंक : नाही. पण ते न लिहिता वर्ग सुरू झाला तर मी त्याच्या विरोधात बोलेन, आणि लिहून सुरू झाला तर तुमच्याकडं फुकट शिकवायला येईन.